अबईची बी, यीस्ट आणि पेशीचं दार : माझ्या प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२५

टॉपिक एकदाचा फायनल झाला. मी मोठ्या तोऱ्यात "टी-सेलमध्ये अमिनो आम्लं कशी शिरतात आणि त्याचा रोगप्रतिकार शक्तीवर काय परिणाम होतो" असं लिहून नेलं होतं (टी-सेल म्हणजे रक्तातली जंतूंशी लढणारी एक पांढरी पेशी). सरांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, टी-सेल आणणार कुठून, सोमवारच्या बाजारातून? बरोबर आहे त्यांचं. आमच्या लॅबमध्ये एक इन्क्युबेटर, एक कलरीमीटर ज्याचं झाकण रबरबँडने धरलंय, आणि ऑटोक्लेव्ह बिघडलाय म्हणून प्रेशर कुकर. वर पाऊस असा की प्लेट ओतून दहा मिनिटं उघडी राहिली तर दुसऱ्या दिवशी हिरवीगार बुरशी.

मग सरच म्हणाले, प्रश्न तोच ठेव, पेशी बदल. यीस्ट घे, त्यालाही खायला लागतं, त्यालाही दारं आहेत.

दारं म्हणजे ट्रान्सपोर्टर. पेशीभोवतीचा पडदा तेलकट असतो, अमिनो आम्ल त्यातून आपसूक आत जात नाही, त्याला पडद्यात बसवलेल्या प्रथिनातूनच जावं लागतं. माणसात अशा ने-आण करणाऱ्या प्रथिनांचं एसएलसी नावाचं खानदान आहे, सदस्य चारशेच्या वर, सगळीच अमिनो आम्लांची नाहीत पण बरीच आहेत. प्रथिनं बनवायला २० अमिनो आम्लं लागतात, त्यातली ९ आपल्या शरीराला बनवताच येत नाहीत, जेवणातूनच यायला हवीत. हे बारावीपासून पाठ आहे. पण जेवणातून रक्तात आलं म्हणजे पेशीत गेलं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, तसं नाहीये हे परवा वाचताना डोक्यात शिरलं.

पार्टनर म्हणतेय टॉपिक बोअर आहे. बघू.

१९ जुलै

शनिवार, घरी आले. सरांनी सांगितलं होतं की यीस्टच्या आर्जिनिनच्या दारावर काम करायचं तर कॅनाव्हॅनिन नावाचं केमिकल लागेल. हे आर्जिनिनसारखं दिसणारं खोटं अमिनो आम्ल, त्याच दारातून आत जातं आणि आत गेल्यावर घात करतं. किंमत बघितली आणि वेबसाईट बंद केली. मग रात्री वाचत बसले तर कळलं हे कॅनाव्हॅनिन पहिल्यांदा सापडलं १९२९ साली जपानी लोकांना, आणि कशात, तर जॅक बीनमध्ये. फोटो बघितला आणि उडालेच, ही तर आमची अबई! म्हणजे अगदी तीच नाही, जॅक बीन म्हणजे पांढऱ्या बीची, आमच्या मांडवावर असते ती लाल बीची, पण सख्ख्या बहिणी. किनाऱ्यावर वाळूत पसरलेला जांभळ्या फुलांचा वेल असतो ना, तोही यांच्याच घरातला.

माळ्यावर डब्यात गेल्या वर्षीचं बियाणं होतं. आजीकडे मागितलं तर आधी उलटतपासणी. मी म्हटलं प्रयोगाला पाहिजे, खायला नाही. तरी तिचं सुरूच. "कवळी शेंग भाजयेक चलता, जून बी खाव नको गो. खावची तर दोनदा उकडून पाणी भायर ओतूक होया, नायतर पोट धरून बसतलंस." मी हसले पण नंतर विचार केला तर तिचं बरोबर आहे. बीमध्ये दोन त्रासदायक गोष्टी, एक चिकट प्रथिन म्हणजे लेक्टिन, ते उकळलं की बिघडतं. दुसरं कॅनाव्हॅनिन, ते उकळून सहजी मरत नाही पण पाण्यात उतरतं, म्हणून पाणी ओतायचं. एकीला दोन उपाय लागतात हे आजीला तिच्या सासूने सांगितलं असणार.

(जॅक बीनबद्दल अजून एक. अमेरिकेत सम्नर नावाचा माणूस, शिकारीच्या अपघातात डावा हात गेलेला आणि होता डावखुरा, त्याने या बीतून १९१९ मध्ये ते लेक्टिन वेगळं केलं, कॉनकॅनाव्हॅलिन-ए. मग १९२६ मध्ये याच बीतून युरिएज एन्झाइमचे स्फटिक काढले, १९४६ चं नोबेल त्यावर. एका शेंगेने किती जणांचं भलं करावं.)

२३ जुलै

पहिला प्रयोग आणि पहिला पोपट.

बिया रात्रभर भिजवल्या, साल काढली, मिक्सरमध्ये वाटल्या, फडक्यातून गाळल्या. पांढरट पाणी. बेकरीतून आणलेलं यीस्ट वायपीडीत वाढवलं, म्हणजे यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन आणि ग्लुकोजचं नेहमीचं खाणं. दोन टेस्ट ट्यूब, एकीत नुसतं पाणी, एकीत अबईचं पाणी. वीस मिनिटांत अबईवाल्या ट्यूबमध्ये नासलेल्या दुधासारखे गोळे आणि सगळं तळाला. ओडी, म्हणजे कलरीमीटरवर दिसणारा गढूळपणा, धाडकन खाली. मी ग्रुपवर टाकलं "यीस्ट मेलं!!" वर तीन फटाके.

सर आले, म्हणाले मेलं हे तू कशावरून ठरवलंस, मायक्रोस्कोप आहे ना. मिथिलिन ब्लू घालून बघितलं. मेलेली पेशी निळी होते, जिवंत रंग घेत नाही. एकूण एक पेशी पांढरी स्वच्छ, फक्त द्राक्षाच्या घडासारखी एकमेकींना चिकटलेली. मेलंबिलं काही नव्हतं. लेक्टिनने यीस्टच्या भिंतीवरची मॅनोज साखर धरली आणि गठ्ठे बांधले. ओडी पडली कारण गठ्ठे खाली बसले, वाढ थांबली म्हणून नाही. फटाके डिलीट केले पण सगळ्यांनी बघून झाले होते.

पण यातून जे कळलं ते मजेशीर आहे. हेच कॉनकॅनाव्हॅलिन-ए उंदराच्या टी-सेलवर टाकलं की ते त्यांच्या पृष्ठभागावरच्या साखरांना धरतं आणि टी-सेलला वाटतं जंतू आला, झोपलेली पेशी जागी होऊन वाढायला लागते. लॅबमध्ये टी-सेल जागवायला ते कित्येक वर्षं वापरतात. म्हणजे माझ्या मूळ टॉपिकची अर्धी गोष्ट आजीच्या डब्यात निघाली. उरलेली अर्धी कॅनाव्हॅनिन.

२८ जुलै

अर्क पंधरा मिनिटं उकळला, फुटलेलं प्रथिन गाळून टाकलं, वरचं निवळ पाणी घेतलं. आता गठ्ठे नाहीत. छान. पुन्हा वायपीडी, पुन्हा दोन ट्यूब.

आणि काहीच फरक नाही. दोन्हीकडे सारखीच वाढ. तीन वेळा केलं, मध्ये एकदा लाईट गेली चार तास म्हणून ते धरायचं नाही, पण बाकी दोन्ही वेळा तेच. पार्टनर म्हणाली तुझ्या आजीची अबई गोडी आहे.

संध्याकाळी स्टँडवर मालवण गाडीला जी झुंबड होती त्यात दारात अडकलेली असताना डोक्यात उजेड पडला. पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे काय, अमिनो आम्लांचा नुसता खच, त्यात खरं आर्जिनिन भरपूर. दार एकच. खऱ्या आर्जिनिनची एवढी गर्दी असताना माझं चिमूटभर कॅनाव्हॅनिन आत शिरणार कधी? मी खोट्या माणसाला अशा गाडीत चढवत होते जिच्या दारात आधीच पन्नास माणसं लोंबकळतायत.

सरांना फोन केला तर म्हणाले मला वाटलंच होतं. मग आधी का नाही सांगितलं विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

२ ऑगस्ट

कालपासून मासेमारी सुरू झाली, बंदरावर गडबड, घरी दोन महिन्यांनी ताजा बांगडा. मूड चांगला.

आता मिनिमल माध्यम. ग्लुकोज, यीस्ट नायट्रोजन बेस (अमिनो आम्लं नसलेला, डब्यावरची एक्स्पायरी गेली होती पण पावडर सुटी होती), अमोनियम सल्फेट. एवढ्यावर बेकरीचं यीस्ट सगळी २० अमिनो आम्लं स्वतः बनवतं, घरचं जेवण. यीस्ट आधी तीनदा धुतलं, नाहीतर वायपीडी सोबत येतं. मग तीन ट्यूब. एक साधी, एक अबईचा उकळलेला अर्क घातलेली, एक अर्क अधिक खरं आर्जिनिन.

अठरा तासांनी ओडी:
साधी ०.८२
अर्क ०.३१
अर्क + आर्जिनिन ०.७६

मी दोनदा ब्लँक लावून बघितलं. झालं की! अर्काने वाढ दाबली आणि आर्जिनिन घातल्यावर सुटली. अर्कात बाकीही हजार गोष्टी असतील, त्या विषारी असत्या तर आर्जिनिनने सुटका झाली नसती. अर्थात हे अजून कच्चंच आहे, सरांनी शुद्ध कॅनाव्हॅनिनची एक छोटी बाटली कुठूनतरी मिळवायचं कबूल केलंय.

आत गेल्यावर ते करतं काय? प्रथिनं जोडणारी यंत्रणा त्याला आर्जिनिन समजून साखळीत ओवते. मग प्रथिनाची घडी बिघडते, एक नाही, हजारो प्रथिनांची. अबईचं झाड स्वतः त्यातून वाचतं आणि कोस्टारिकात एक भुंगा आहे जो अशाच कॅनाव्हॅनिन भरलेल्या बिया खाऊन जगतो, त्याचं एन्झाइम खरं खोटं ओळखतं. माणसाचं ओळखत नाही. १९८२ मध्ये माकडांना अल्फाल्फाचे मोड खायला घातले, त्यातही कॅनाव्हॅनिन असतं, तर काही माकडांना ल्युपससारखा आजार झाला, म्हणजे प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटली. आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मगे? मी काय सांगी होतंय?"

१० ऑगस्ट

रविवार, आणि पावसामुळे कुठे जाता येत नाही, म्हणून दिवसभर टी-सेलचं वाचन. रिपोर्टच्या दुसऱ्या भागासाठी लागणारच आहे. इथे माझ्या शब्दात लिहून ठेवते, नाहीतर व्हायव्हात त त प प होईल.

शांत टी-सेल ही छोटीशी, कमी खाणारी, रक्तात आणि लिम्फ नोडमध्ये फिरत बसणारी पेशी. तिला तिचा जंतू दिसला की एका दिवसात ती आकाराने दुपटीच्या आसपास फुगते आणि मग दिवसातून दोन तीनदा विभागायला लागते, काही दिवसात एकीच्या हजारो. एवढी माणसं उभी करायची तर प्रथिनं लागणार, प्रथिनांना अमिनो आम्लं, आणि ती यायला दारं. शांत असताना दारं मोजकीच असतात. जंतू दिसल्यावर ती जी पहिली पहिली कामं करते त्यातलं एक म्हणजे दारं बसवणं.

सगळ्यात महत्त्वाचं दार लॅट-वन. यातून ल्युसिनसारखी मोठी अमिनो आम्लं आत येतात. त्याचे दोन भाग, एक खरा रस्ता आणि दुसरा त्याला पडद्यात धरून ठेवणारा जोडीदार, सीडी-९८. गंमत बघा, सीडी-९८ आधी सापडलं, १९८१ मध्ये, जाग्या झालेल्या पांढऱ्या पेशींवर दिसणारी एक खूण म्हणून, ते कशासाठी आहे कुणाला माहीत नव्हतं. १९९८ मध्ये जपानी गटाने लॅट-वन शोधलं तेव्हा कळलं की ती खूण म्हणजे दाराची चौकट होती. सतरा वर्षं लोक चौकटीकडे बघून ही पेशी जागी आहे एवढंच म्हणत होते.

आणि लॅट-वन फुकट आत घेत नाही, एक आत तर एक बाहेर. बहुतेक वेळा ग्लुटामिन बाहेर देऊन ल्युसिन आत. म्हणजे आधी ग्लुटामिन भरून ठेवायला हवं, त्याचं दार वेगळं. रक्तात ग्लुटामिन सगळ्यात जास्त असतं म्हणून हे परवडतं.

२०१३ मध्ये स्कॉटलंडमध्ये डंडीच्या लोकांनी असे उंदीर घेतले ज्यांच्या टी-सेलमध्ये लॅट-वनच नाही. टी-सेल जन्मल्या, दिसायला ठीक, पण जागवल्यावर ना नीट फुगल्या ना वाढल्या ना लढणाऱ्या झाल्या. संदेश पोचला होता, जेवण बाहेर होतं, दार नव्हतं. आत एमटॉर नावाचा मुकादम आहे, ल्युसिन पुरेसं आलंय का बघून तो वाढीचं काम चालू करतो. ल्युसिन नाही तर तो खुर्चीतून उठत नाही.

(या मुकादमाचं नाव कुठून आलं ते वेगळीच गोष्ट. १९६४ मध्ये ईस्टर बेटावरून माती आणली, बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, त्यातल्या जिवाणूपासून बुरशी मारणारं औषध निघालं म्हणून रॅपामायसिन. सुरेन सेहगल नावाच्या आपल्या माणसाने कॅनडात त्यावर काम केलं. बुरशी मारायला आणलेलं औषध प्रतिकार शक्तीही दाबतं असं दिसलं आणि १९९९ पासून किडनी बदललेल्या लोकांना देतात. ते ज्या प्रथिनावर बसतं ते शोधलं गेलं यीस्टमध्ये, १९९१ ला, त्याचं नाव टॉर, टार्गेट ऑफ रॅपामायसिन. म्हणजे यीस्टवर काम करून टी-सेलबद्दल बोलणारी मी पहिली नाही. हे रिपोर्टच्या प्रस्तावनेत घालणार.)

१३ ऑगस्ट

प्रोजेक्टची नोंद नाही पण इथेच लिहिते.

आजोला पार्किन्सन आहे, चार वर्षं झाली, लेव्होडोपाची गोळी चालू. दुपारी जेवणानंतर त्याचा हात जास्त थरथरतो, आम्ही समजायचो जेवून दमतो. परवा लॅट-वनबद्दल वाचताना एक ओळ दिसली आणि मी दोनदा वाचली. लेव्होडोपा हेही एक अमिनो आम्लच आहे, आणि रक्तातून मेंदूत जायला त्याला जे दार लागतं ते हेच, लॅट-वन. आजो गोळी घेतो कधी, तर जेवताना, बांगड्याच्या कढीबरोबर, कारण सुरुवातीला रिकाम्या पोटी मळमळायचं. म्हणजे माशातली ल्युसिन आणि फेनिलअलानिन आणि गोळी, सगळी एकाच दारात. माझं वायपीडी!

स्वतः काही बदललं नाही. बाबांनी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले मी सुरुवातीलाच सांगितलं होतं जेवणाच्या अर्धा तास आधी, चिठ्ठीवर पण आहे. चिठ्ठी काढून बघितली, आहे खरंच, त्यांच्या अक्षरात, म्हणजे वाचता येत नाही अशा. मळमळलं तर सोबत एखादं बिस्किट चालेल म्हणाले. शेजारचे काका लगेच खाजकुयलीची पावडर घेऊन हजर, त्यात नैसर्गिक असतं म्हणे. असतं, खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा खरंच असतो, पण चमच्यात किती आला कोण मोजणार आणि वर गोळी चालूच. काकांना चहा दिला, पावडर परत दिली.

१९ ऑगस्ट

शुद्ध कॅनाव्हॅनिन आलं! लिटरला ६० मिलिग्रॅम या हिशोबाने प्लेटा ओतल्या. कल्पना अशी की कोट्यवधी पेशी पसरायच्या, सगळ्या मरतील, पण एखादीच्या जीनमध्ये आपोआप बिघाड होऊन आर्जिनिनचं दार, कॅन-वन, मोडलेलं असेल तर विष आतच जाणार नाही आणि ती वाढेल. आर्जिनिन ती घरी बनवते, दाराशिवाय तिचं अडत नाही. यीस्टवाले लोक पिढ्यानपिढ्या हे करत आलेत.

बेकरी यीस्ट, सहा प्लेटा, पाच दिवस. एकही कॉलनी, म्हणजे एका पेशीपासून वाढलेला ठिपका, नाही. एका प्लेटवर बुरशी, ती कॉलनी समजून मी दहा मिनिटं आनंदात होते.

सर म्हणाले बेकरीच्या यीस्टमध्ये प्रत्येक जीनच्या दोन किंवा जास्तच प्रती असतात. एक दार मोडलं तरी दुसरं उघडंच, विष तिथून जातं. दोन्ही एकाच पेशीत मोडायची शक्यता नगण्य. एकच प्रत असलेलं हॅप्लॉइड यीस्ट पाहिजे. पुण्याला पीएचडी करणाऱ्या मैत्रिणीला मेसेज केला.

२५ ऑगस्ट

कुरिअर परवा आलं. चार दिवस वाटेत, पाकीट ओलं, पण स्लँट (तिरप्या माध्यमावर यीस्ट लावलेली ट्यूब) शाबूत. कॉलन्या गुलाबी! इतकं सुंदर यीस्ट मी बघितलं नव्हतं. लगेच कॅनाव्हॅनिनच्या प्लेटवर पसरलं, आणि दोन दिवसांत सगळी प्लेट भरून वाढ. सगळीच्या सगळी. मी म्हटलं कॅनाव्हॅनिन खराब झालं.

तिला फोटो पाठवला तर आधी हसण्याचे चार इमोजी, मग सॉरी. तिने घाईत डब्ल्यू-३०३ पाठवलं होतं. ते जगभर वापरतात पण त्याच्यात कॅन-वन आधीपासूनच मोडका असतो, त्याच्या जीनच्या वर्णनातच लिहिलेलं असतं, आणि गुलाबी रंग अडेनिनच्या जीनमधल्या दुसऱ्या बिघाडामुळे. आम्ही दोघींनीही वाचलं नाही. म्हणजे दार मोडल्यावर काय होतं ते मला दिसलं, फक्त दार मी मोडलेलं नव्हतं. प्लेट टाकली नाही, रिपोर्टमध्ये कंट्रोल म्हणून खपवणार.

परवा गणपती. उद्यापासून कॉलेज ओस, मुंबईची गाडी भरून माणसं येतायत, माटवी (गणपतीच्या वरची फळापानांची सजावट) बांधायचीय.

१० सप्टेंबर

आता खरं हॅप्लॉइड आलं, बीवाय-४७४१. याचं कॅन-वन शाबूत, पण हिस्टिडिन, ल्युसिन, मिथिओनिन आणि युरॅसिल घालावं लागतं, ते बनवायचे जीन काढून टाकलेत. चार प्लेटा, प्रत्येकीवर साधारण एक कोटी पेशी.

पाचव्या दिवशी कॉलन्या: ११, ७, ९ आणि शेवटच्या प्लेटवर ४३.

शेवटची मी चुकून जास्त पेशी ओतल्या असं धरलं होतं. सर खूश, म्हणाले हा जॅकपॉट. प्रत्येक प्लेट वेगळ्या ट्यूबमधून आलीय ना, त्या ट्यूबमध्ये बिघाड लवकर झाला, मग त्या एकीची पोरंबाळं वाढत गेली. ल्युरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ ला जिवाणूंवर हेच आकडे बघून सिद्ध केलं होतं की बिघाड विष बघून होत नाही, आधीच आपसूक झालेला असतो. चारच प्लेटांवर मी एवढं मोठं बोलणार नाही, पण ४३ भोवती पेनाने गोल केलाय.

सगळ्या त्रेचाळीसांचं एक मात्र आहे. दार मोडूनही या जगल्या कारण आर्जिनिनचं स्वयंपाकघर घरात होतं. टी-सेलचं लॅट-वन काढलं तर ती नाही सावरत, कारण ल्युसिन ती कधीच बनवू शकत नाही. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये अस्पॅराजिनेज देतात ते याच अंगाने चालतं, औषध रक्तातलं अस्पॅराजिन संपवतं, निरोगी पेशी घरी बनवून भागवतात, त्या कॅन्सरच्या पेशींना ते पुरेसं जमत नाही. गिनिपिगच्या रक्तद्रवाने उंदरांच्या गाठी विरघळतात हे १९५३ मध्येच दिसलं होतं, कारण नंतर कळलं. उलट कितीतरी गाठींच्या पेशी लॅट-वन भरभरून बसवून घेतात, काही तर टी-सेलच्या तोंडचं मिथिओनिन ओढतात असंही सापडलंय. म्हणून दार बंद करून गाठ रोखायचं औषध शोधायचं म्हटलं की अडचण तिथेच, तेच दार लढणाऱ्या पेशीलाही हवंय. व्हायव्हात हा प्रश्न येणार, बघून ठेवायला हवं.

१६ सप्टेंबर

चूक झाली आणि चुकीतून सगळ्यात भारी गोष्ट निघाली.

प्लेटांचा नवा घाणा ओतताना ल्युसिन घालायला विसरले. पार्टनर टिकमार्क करत होती, मी बोलत होते, दोघींची चूक. तीन दिवस काहीच वाढलं नाही, कॅनाव्हॅनिन नसलेल्या प्लेटवरही नाही. टाकणार होते. मग लक्षात आलं, हे यीस्ट ल्युसिन बनवत नाही, आपल्यासारखंच. म्हणजे कॅन-वन मोडलेल्या यीस्टपेक्षा ही रिकामी प्लेटच टी-सेलच्या जास्त जवळची आहे.

पंचिंग मशीनने फिल्टर पेपरची टिकली पाडली, कुकरमध्ये वाफवली, ल्युसिनचं पाणी शोषवून प्लेटच्या मध्ये ठेवली. तीन दिवस गप्प पडलेल्या पेशी होत्या त्या, मेलेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टिकलीभोवती धुक्यासारखं वर्तुळ, संध्याकाळपर्यंत दाट पांढरं, कडा हळूहळू विरत गेलेली, जिथपर्यंत ल्युसिन पाझरलं तिथपर्यंत. मोजलं, २२ मिलिमीटर. वर्तुळाबाहेर प्लेट स्वच्छ, जणू तिथे कोणी नाहीच. मामा झाडू मारायला आले, त्यांनी वाकून बघितलं, म्हणाले चंद्राला खळं पडलंय तसं दिसतंय.

१९ सप्टेंबर

आजोची वही बघितली. गोळीची वेळ आणि हात कसा आहे, तो स्वतः लिहितो, "बरो", "बरो", "थोडो थरथरता", "बरो". अक्षर वाकडं आहे पण पूर्वी चमचाही धरवत नव्हता दुपारी. एक महिन्याचं आहे, आणि तो मनाने पण खूश असेल गणपतीत सगळे आले म्हणून, तेव्हा यातून मी काही सिद्ध वगैरे करत नाही.

पण त्यावरून शेवटचा प्रयोग सुचला. यीस्टमध्ये ल्युसिन ज्या दारांनी आत जातं त्यातल्या काहींतून फेनिलअलानिनही जातं. तर ल्युसिन नसलेल्या दोन प्लेटा, मध्ये तीच टिकली, पण एका प्लेटच्या सगळ्या आगारमध्ये फेनिलअलानिन भरपूर. दारात गर्दी झाली तर वर्तुळ लहान पडायला हवं. पार्टनरने पैज लावलीय की फरक दिसणार नाही, हरली तर सोलकढी तिची.

दुपारी तीनला दोन्ही प्लेटा आत ठेवल्या. लाईट आहे, इन्क्युबेटर ३० वर आहे, काचेवर चिठ्ठी लावलीय की उद्या सकाळपर्यंत दार कोणी उघडू नये.